दोन मिनिटं गाढवांसाठी

चष्म्याच्या दुकानातल्या मामींना ‘नको’ हा शब्द ऐकायची सवय नव्हती. कारण त्या कुणाला ‘हवं का’ असं विचारतच नसत. दारावरची घंटी किणकिणली, माणूस आत आला, की मामी दोन हातांत दोन फ्रेमा घेऊन समोर हजर. “ही बरी दिसते की ही?” माणूस किती वाजले ते विचारायला आलेला असो, नाहीतर पत्ता विचारायला, आरशात डोकावून म्हणायचा, “ही.” की संपलं. मग खुर्ची, मग भिंतीवरची अक्षरं, मग नाकावर ते जड गोल लोखंडी प्रकरण आणि त्यात खटाखट पडणाऱ्या काचा. “आता बरं दिसतं की आता? आता की मघाशी?” एक गृहस्थ शेजारच्या दुकानात किल्ली करायला म्हणून घरून निघाले होते. ते दोन चष्मे घेऊन परतले आणि किल्ली राहिली ती राहिलीच.

सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे. त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. आणि म्हणून त्यांचे यजमान आपोआप मामा. मामा दुकानाच्या मागच्या टेबलाशी बसून चष्म्यांचे स्क्रू आवळत. निम्मा दिवस आवळण्यात जाई, उरलेला खाली पडलेला स्क्रू शोधण्यात. त्यांचं प्रत्येक वाक्य “म्हणजे मी काही म्हणत नाही, पण” असं सुरू व्हायचं आणि तिथंच कुठंतरी बसून राहायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मामींनी मामांचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती.

तक्रार होती ती थोरल्याबाईंबद्दल. थोरल्याबाई म्हणजे मामांच्या मोठ्या भावाची बायको, मामींची जाऊ. त्यांचं मोठं घर होतं, वरची खोली रिकामी होती आणि स्वभाव मदतीचा होता. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आवाज असा, की जणू समोरच्याला ताप आहे. “अगं, किती दिवस त्या दुकानात डोळे फोडून घ्यायचे? आपण सगळे एकत्र राहू ना. आपल्या घरात कसं, सगळं जागच्या जागी असतं.” ते खरंच असायचं. त्या घरात प्रत्येक वस्तूवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. ‘साखर’ तर ठीक, पण दिव्याच्या बटणावर ‘दिवा’ आणि न्हाणीघरातल्या बादलीवर ‘पाहुण्यांसाठी’. मामी एकदा तिथं चार दिवस राहून आल्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, “अजून दोन दिवस राहिले असते तर माझ्या कपाळावर ‘धाकटी’ लिहिलं असतं.”

पण दुकान खरंच रोडावलं होतं. मामांनाही आताशा कंबर वाकवून स्क्रू शोधवत नव्हते. शेवटी दोघांचं ठरलं. थंडी संपेपर्यंत बघायचं. तोवर दुकान धड चाललं तर चाललं. नाहीतर शटर खाली आणि आपण वर, थोरल्याबाईंच्या खोलीत.

आणि नेमका तेव्हाच तो पिवळा उगवला.

मामींच्या दुकानावर लाकडी चष्म्याची भलीमोठी पाटी होती. तिच्या आडोशाला वारा लागत नसे. एके सकाळी त्या आडोशाला एक तिशीचा माणूस येऊन उभा राहिला. अंगात पिवळंजर्द जाकीट, पाठीवर गाढवाचं चित्र. गाढवाचा चेहरा असा, की त्याचं नुकतंच कुणीतरी वारलंय. हातात कागदाचा पॅड. म्हाताऱ्या, थकलेल्या, मालकांनी सोडून दिलेल्या गाढवांसाठी कुठंतरी एक आश्रम होता आणि हा माणूस त्या आश्रमासाठी रस्त्यावर लोकांना अडवून सह्या आणि देणगी गोळा करायचा. बोलण्याची तऱ्हा अशी, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज एक पायरी वर चढायचा आणि तिथं उभा राहून समोरच्याची वाट बघायचा. “सर, दोन मिनिटं आहेत? गाढवांसाठी? तुम्हाला प्राणी आवडतात? थोडेसे तरी?”

सरांना प्राणी आवडत नसत. सरांना दोन मिनिटं नसत. आठवडाभरात गल्लीतल्या माणसांनी अशी कला दाखवायला सुरुवात केली, की नाटकवाल्यांनी येऊन धडे घ्यावेत. बंद फोन कानाला लावून लोक मोठमोठ्याने भांडत जाऊ लागले. एक बाई चपलेची लेस बांधायला खाली वाकल्या, आणि चपलेला लेस नव्हती. निळ्या स्वेटरातले एक काका याला बघताच लंगडायला लागत, आणि दोन दुकानं पुढं गेली की बरे होत. उरलेले सरळ रस्ता ओलांडून समोरच्या पदपथाने जात. म्हणजे तिथल्या बेकरीचा धंदा वाढला आणि मामींच्या दारावरची घंटी मुकी झाली. मामांनी तिला तेल घातलं. तेल घातलेली घंटी न वाजता चकाकत बसली.

मामींना मात्र रोज तिथूनच आत जावं लागे. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, “मॅडम, दोन मिनिटं आहेत?” मामी म्हणाल्या, “नाहीत.” दुसऱ्या दिवशी त्याने तितक्याच उत्साहाने, तोंडदेखलीही ओळख न दाखवता विचारलं, “मॅडम, दोन मिनिटं आहेत?” तिसऱ्या दिवशी मामी थांबल्या आणि म्हणाल्या, “घरात एक पोसतेय, तेवढं पुरे आहे.”

आतून मामांचा आवाज आला, “म्हणजे मी काही म्हणत नाही, पण...”

पुढच्या आठवड्यात एकदा त्याने मामींना दूध आणायला जाताना अडवलं आणि दूध घेऊन येतानाही अडवलं. मामींचा पारा चढला. त्या तरातरा शेजारच्या किल्लीवाल्याकडे गेल्या.

“मला सांग, माझा चेहरा काय इतका टाकाऊ आहे? सकाळी बघितलेला संध्याकाळी आठवू नये?”

किल्लीवाला दात काढत म्हणाला, “मामी, तुमचं काय घेऊन बसलात. काल तो शिंप्याच्या दारातल्या पुतळ्याला म्हणाला, ‘काका, कोट छान आहे.’ चांगला पाच मिनिटं बोलत होता. पुतळ्याने पूर्ण ऐकून घेतलं, म्हणून खूश होऊन परत आला.”

मामी पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या.

“किती लांबून?”

“काय किती लांबून?”

“कोट छान आहे म्हणाला, ते किती लांबून?”

“अहो, इथं तुम्ही आणि मी आहोत ना, एवढ्यावरून.”

मामी बाहेर आल्या त्या खरं तर त्याला हाकलायला. वाक्यही तयार होतं, त्यात ‘दुसऱ्याच्या पोटावर’ वगैरे होतं. पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तोंडातून निघालं ते भलतंच.

“समोरच्या पाटीवर काय लिहिलंय?”

“मॅडम, दोन मिनिटं आहेत? गाढवां...”

“गाढवं राहू दे. समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाच.”

त्याने डोळे बारीक केले, मान पुढं काढली. “कुठली पाटी?”

मामींनी त्याचं मनगट धरलं. कितीतरी दिवसांनी घंटी वाजली.

खुर्चीत बसल्यावर त्याने सगळं भडाभडा सांगितलं. जुना चष्मा बसमध्ये कुणाच्या तरी बुटाखाली गेला. नवा करायला गेला तर वरचे साहेब म्हणाले, राहू दे, चष्म्याने माणूस परीक्षा घ्यायला आल्यासारखा दिसतो, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोल. “आता डोळे कुठं आहेत तेच दिसत नाही, तर घालू कुठं?” पुतळ्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मामींनीही सांगितलं नाही. या आठवड्यात सह्यांचा आकडा झाला नाही तर साहेब त्याला घरी बसवणार होते.

“आणि झाला तर?”

“झाला की सुटलो, मामी.” तिसऱ्या काचेपर्यंत तोही मामी म्हणायला लागला होता.

सुटलो म्हणजे नोकरीवरचं संकट टळलं, असं त्याला म्हणायचं असणार. मामींच्या डोळ्यांसमोर मात्र पाठमोरं पिवळं जाकीट कोपऱ्यावरून दिसेनासं होताना दिसलं. त्यांचे हात दुप्पट वेगाने चालू लागले. “आता बरं दिसतं की आता? ही काच की ही? आता की मघाशी?”

“आता,” तो म्हणाला. आणि मग हळूच, “मामी, समोर बेकरी आहे?”

“इतके दिवस तिच्यासमोर उभा आहेस.”

“वास यायचा. मला वाटलं कुणाच्या तरी घरातून येतो.” “मामी, एक विचारू? तुम्ही मघापासून मला एकदाही ‘हवं का’ असं विचारलं नाहीत.”

“विचारायचं कशाला? विचारलं की माणूस ‘नको’ म्हणतो. दोन गोष्टी समोर ठेवायच्या. तो निवडण्याच्या नादात नको म्हणायचं विसरतो.”

हे बोलताना मामींचा चेहरा कौतुकाने नुसता फुलला होता. स्वतःच्याच. कपाटात वर्षानुवर्षं कुणीच न नेलेली एक जाड काळी फ्रेम पडून होती, तिच्यात त्याच्या नंबरच्या काचा बसवायचं ठरलं. पैशाचं त्याने विचारलं तर मामी म्हणाल्या, “काही नको, तू फक्त लवकर आटप.”

तो गेल्यावर मामा मागून म्हणाले, “म्हणजे मी काही म्हणत नाही, पण त्याला दिसत नव्हतं तेच जरा...”

एक स्क्रू पडला आणि वाक्य त्याच्यामागे टेबलाखाली गेलं.

नव्या चष्म्याचा पहिला दिवस गल्लीच्या चांगलाच लक्षात राहिला. पिवळ्याला आता पार कोपऱ्यापर्यंतचं दिसत होतं. समोरच्या पदपथाने चोरपावलांनी जाणाऱ्या निळ्या स्वेटराला त्याने रस्त्याच्या अलीकडून हाक मारली, “काका, सकाळी तर दुसरा पाय लंगडत होता.” काका जागच्या जागी थिजले. पिवळा रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी पोचला, पाठीवरचं गाढव त्यांच्याकडे वळवलं आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला, “दर महिन्याला देणं बरं पडेल की वर्षाचं एकदम?”

काका म्हणाले, “महिन्याला.” आणि सही करून मोकळे झाले.

दुपारी किल्लीवाला मामींकडे आला, कपाळाला हात लावून. “मी पण महिन्याला म्हटलं. सही झाल्यावर आठवलं, मला गाढव आवडत नाही. लहानपणी लाथ खाल्लीय.” शिंपी गळाला लागला. बेकरीवाला लागला. पुतळ्यापाशी मात्र पिवळा क्षणभर थांबला, त्याच्याकडे नीट बघितलं, लाल झाला आणि पुढं गेला.

मामी खिडकीतून सह्या होताना बघत आणि मनात म्हणत, चला, सुटतोय.

आठवडा संपला. समोरच्या पदपथावरही आता सोय उरली नाही म्हटल्यावर लोकांनी ही गल्लीच सोडली. मागच्या बोळातून, कचऱ्याचे डबे चुकवत जाऊ लागले. मामींच्या घंटीवर कोळ्याने जाळं विणलं. रविवारी थोरल्याबाईंचा फोन आला. “अगं, मी वरच्या खोलीत सगळ्या पट्ट्या लावून ठेवल्यात. ‘धाकटीचा खण’, ‘भावजींचा खण’. भावजींच्या स्क्रूंसाठी सुद्धा एक डबी ठेवलीय. तुम्ही फक्त यायचं.”

आणि सोमवारी एक गाडी येऊन थांबली. तिच्यातून आणखी तीन पिवळी जाकिटं उतरली आणि त्यांच्यामागे कानावर पेन लावलेले साहेब. साहेबांनी कमरेवर हात ठेवून गल्लीकडे बघितलं. “सोनं आहे हा कोपरा, सोनं. एका माणसाने आठवड्यात एवढ्या सह्या? चारजण लावले तर विचार करा.” एक जाकीट गल्लीच्या या टोकाला, एक त्या टोकाला, एक मागच्या बोळाच्या तोंडाशी. आणि मामींचा पिवळा मध्यभागी, पाटीखाली, जाड काळ्या चष्म्यात, सेनापतीसारखा.

मामांनी माळ्यावरून रिकामी खोकी काढली आणि फ्रेमा भरायला घेतल्या. मामी तोंडाने “भरू नका” म्हणत होत्या आणि हाताने त्यांना दोरी देत होत्या.

तिसऱ्या खोक्याला दोरी बांधत असतानाच घंटी वाजली. जाळ्यासकट.

निळ्या स्वेटरातले काका आत शिरले, दार लावून घेतलं आणि फ्रेमांच्या स्टँडमागे उकिडवे बसले. “सगळीकडून येतायत हो,” ते कुजबुजले. “मी एकदा सही केलीय, तरी येतायत. नवीन पोरांना मी ओळखू येत नाही. गेले का?”

मामांनी विचारायला तोंड उघडलं, “काही हवं...” पण मामींनी त्यांना कोपराने बाजूला सारलं. खोक्यातून दोन फ्रेमा उपसल्या आणि स्टँडमागे वाकल्या.

“ही बरी दिसते की ही?”

काका उकिडवेच म्हणाले, “ती, तपकिरी.” खुर्चीत बसवल्यावर निघालं की काकांना जवळचं वाचताच येत नव्हतं. वर्तमानपत्र हात लांब करकरून वाचायचे, आणि आता हात पुरेनासा झाला होता. काकांच्या नाकावर काचा असतानाच घंटी पुन्हा वाजली. आतमध्ये बिनलेसच्या चपलांच्या बाई, त्यांच्यामागे त्यांचे यजमान. मग बँकेतला कारकून. मग दोन शिक्षिका, एकमेकींचा हात धरून, पूर आल्यासारख्या.

“बाहेर आहे का अजून?”

“आहे ना. बसा, तोवर डोळे बघून घेऊ. आधी डावा की आधी उजवा?”

त्या दिवसापासून घंटीला उसंत म्हणून राहिली नाही. खोकी रिकामी होऊन परत माळ्यावर गेली. मामांनी शिंप्याकडून बाकडं आणलं. लपायला आलेल्यांपैकी निम्म्यांना खरोखरच नीट दिसत नव्हतं आणि ते त्यांना इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. बिनलेसच्या बाईंनी नवा चष्मा लावला, नवऱ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “हा फक्त वाचायला ठेवते.”

रविवारच्या फोनवर मामी पहिल्यांदाच म्हणाल्या, “ताई, ठेवते हं, गिऱ्हाईक आहे.” फोन ठेवून त्या नुसत्या हसत उभ्या राहिल्या.

आणि मग एका संध्याकाळी पिवळा आत आला. पडलेल्या चेहऱ्याने तो बाकड्यावर बसला.

“मामी, येतो आता. सोमवारपासून आम्हाला दुसरीकडे हलवतायत. साहेब म्हणाले, कोपरा आटला. आम्ही दिसलो की माणूस तुमच्या दारात शिरतो. एक सही नाही आज.”

ज्या वाक्यासाठी मामींनी फुकट चष्मा दिला होता ते वाक्य शेवटी आलं, पण आता मामींना ते नको होतं. त्यांना रिकामं बाकडं दिसलं. ‘धाकटीचा खण’ दिसला. थंडी अजून बरीच बाकी होती.

“तुम्ही जायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“पण आकडा...”

“अरे, तू आत येणाऱ्याला धरतोस, तिथंच चुकतं. आत येणारा घाबरलेला असतो. त्याला फक्त हुसकायचं. धरायचं बाहेर पडणाऱ्याला. नवा चष्मा घालून माणूस दारातून बाहेर पडतो तेव्हा त्याला झाडाची पानं वेगवेगळी दिसतात. जगाबद्दल चांगलं वाटत असतं. आणि पहिली गोष्ट समोर काय दिसते? तुझ्या पाठीवरचं गाढव, डोळ्यांतल्या पाण्यासकट. तेव्हा विचार.”

पिवळ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पण साहेबांना आज दाखवायला तरी एक सही लागेल.”

“कुणाची?”

त्याने नुसता पॅड पुढं केला आणि आवाज एक पायरी चढवून म्हणाला, “महिन्याला बरं पडेल, मामी, की वर्षाचं एकदम?”

मामींनी तोंड उघडलं. स्वतःचंच वाक्य समोर चष्मा घालून बसलेलं होतं. “वर्षाचं,” त्या म्हणाल्या आणि वर, “हरामखोरा,” म्हणाल्या, पण सही करता करता.

वर्षाचं देणाऱ्याला एक गाढव दत्तक मिळायचं आणि त्याचं नाव ठेवायचा मान मिळायचा. “काय लिहू?” पिवळ्याने विचारलं. मामींनी फार विचार केला नाही. मामांना मागे एकदम ठसका लागला.

थंडी संपता संपता आश्रमातून फोटो आला. राखाडी, पोक्त, डोळे अर्धे मिटलेली गाढवीण, समोरच्याला ताप असल्यासारखी बघणारी. खाली बारीक अक्षरात माहिती: ‘नाव: थोरल्याबाई. स्वभाव: मदतीचा. सवय: दुसऱ्यांच्या खोलीत शिरून सामान हलवणे.’ नाव सोडलं तर बाकी सगळं आश्रमवाल्यांनी आपल्या मनाने लिहिलं होतं, हे मामी शपथेवर सांगत. फोटो त्यांनी काउंटरमागे टांगला.

दुसऱ्याच दिवशी दारात रिक्षा थांबली. थोरल्याबाई जातीने न्यायला आल्या होत्या. घंटी वाजली, त्यांनी आत पाऊल टाकलं आणि उभं राहायला जागा नाही म्हणून तिथंच थांबल्या. बाकडं भरलेलं, खुर्चीत कारकून, स्टँडमागे कुणीतरी उकिडवं. “अगं बाई,” त्या सावकाश म्हणाल्या. “आपल्याकडे बरीच गर्दी आहे की.” त्यात आनंद होता की अजून काही, ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

“हे काय? किती शांत चेहरा आहे. कुणाचं आहे हे?” त्या फोटोजवळ गेल्या, मान मागे केली, डोळे बारीक केले. “काय लिहिलंय खाली? मला आताशा हे बारीक अक्षर मेलं दिसतच नाही.”

मामींचे दोन्ही हात आपोआप फ्रेमांकडे गेले. इतक्या वर्षांची सवय. दोन फ्रेमा हातात आल्याही. ‘ही बरी दिसते की’ इथपर्यंत वाक्य जिभेवर आलं.

तेव्हा मामा उठले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी एक वाक्य सुरू केलं आणि शेवटपर्यंत नेलं.

“वहिनी, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, त्यावर फक्त ‘आभारी आहोत’ असं लिहिलंय.”

मामींनी फ्रेमा खाली ठेवल्या. दुकानात आलेल्या कमी दिसणाऱ्या माणसाला त्यांनी चष्म्याशिवाय जाऊ दिलं, ते तेवढं एकदाच. त्यांनी जाऊबाईंना हाताला धरून, प्रेमाने, झरझर दारापर्यंत पोचवलं. “ताई, खोली असू द्या तशीच, पाहुण्यांना होईल.” घंटी वाजली, थोरल्याबाई बाहेर पडल्या, मामींनी काचेला पाठ लावून सुटकेचा श्वास टाकला.

“म्हणजे मी काही म्हणत नाही,” मामा खिडकीतून बघत म्हणाले, “पण तो वहिनींना धरतोय.”

मामी वळल्या. बाहेर पिवळा अदबीने पॅड पुढं करून उभा होता. दार बंद होतं, तरी ओठांवरून कळत होतं तो काय विचारतोय. थोरल्याबाईंनी सही केली. वर्षाची असणार, कारण मग पिवळ्याने पेन उचलून आणखी काहीतरी विचारलं. थोरल्याबाई विचारात पडल्या. त्यांनी मान वळवली, काचेतून मामींकडे बराच वेळ बघितलं, गोड हसल्या आणि एक नाव सांगितलं.

पिवळ्याने ते लिहून घेतलं.